आमसुलाचा रंग

लेक तेव्हा चार वर्षांची होती. राजाजीनगरातल्या आमच्या घरी भर दुपारी ती पोट खाजवत माझ्यापाशी आली. फ्रॉक वर केला तर पोटभर लालसर, फुगलेल्या गांधी. डास चावल्यासारख्या, पण एकमेकींत मिसळत चाललेल्या. मी रत्नागिरीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, पित्त उठलंय. आमसूल भिजव आणि पाणी चोळ अंगाला. घाबरतेस काय एवढी!"

आमच्याकडे पित्तावर आमसूल, यात कुणी शंका काढत नाही. मी एवढी शिकलेली इंजिनियर, मीही नाही काढली. पोट, पाठ, गळा, गाल, सगळीकडे ते पाणी चोळलं. आंबट लागतं म्हणून पोरगी ओठ चाटत होती. थोड्याच वेळात सगळी लालेलाल. म्हटलं, आमसुलाचा रंग आहे. गांधी कुठवर पसरल्या ते दिसलंच नाही मला. दिसणार कसं? मीच झाकल्या होत्या ना!

तेवढ्यात शेजारच्या अक्का सकाळी त्यांनीच दिलेल्या काजूबर्फीचा डबा न्यायला आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत अधूनमधून कन्नड.

"अक्का, घशात काहीतरी आहे," लेक म्हणाली. आवाज भलताच घोगरा.

अक्का दारातच थबकल्या. "स्वल्प थांब. हिचा आवाज असा का? अन् ओठ बघ की, सुजलेत!"

"आमसूल लागलंय ते," मी फटकन म्हणाले. आज लाज वाटते.

"रंगानं ओठ जाड होतात काय गं?"

रिक्षात लेक खोकत होती. मग खोकणंही थांबलं, नुसती छाती वरखाली. मी वेड्यासारखी हाका मारत होते. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं तोंड पुसलं. रंग निघाला, सूज तशीच. जेवणानंतर खाल्लेल्या बर्फीतल्या काजूमुळे झालंय, त्या म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर...

लेक वाचली. आईला मात्र मी काही सांगितलं नाही, उगाच जिवाला लावून घेईल म्हणून. "उतरलं ना पित्त?" तिनं विचारलं. "उतरलं," मी म्हणाले.

काल भावजयीचा फोन आला. "ताई, बाळाला आज पहिल्यांदाच अंडं भरवलं, तर अंगभर गांधी उठल्यात. तुमच्या लेकीला आमसुलानं गुण आला होता ना? आई तेच भिजवतायत."



"ओठ बघ त्याचे, रडण्याचा आवाज ऐक, आणि आधी दवाखाना गाठ!" मी ओरडले. "आईला म्हणावं, ते पाणी ओतून टाक. मी खोटं बोलले होते."