रोल संपला होता

मागाच्या तेलाचा वास आला की सुरतच्या उधन्यातली ती दुपार आठवते. गावाहून आलेल्या वडिलांचे फोटो काढताना कॅमेऱ्याची रोल ओढायची कळ अडकली. मी पॉवरलूमचा मेकॅनिक. तेल सोडलं, झटके दिले, वैतागलो. वडील म्हणाले, “जोर नको लावू भाऊ, रोल संपना व्हई.” “रोल संपला म्हणे! तुम्हाला काय कळतं यातलं?” म्हणत मी भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकणच उघडलं; सगळ्या रोलवर ऊन पडलं. स्टुडिओतून नुसती काळी फिल्म परत आली. बायकोला सांगितलं, स्टुडिओवाल्याने बिघडवली. वडील शेजारीच चहा पीत होते. ते पुन्हा सुरतेला आलेच नाहीत, गावीच वारले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. बायको अजून त्या स्टुडिओवाल्याला शिव्या देते, आणि मी मान डोलावतो.