पाण्यात शोधलेला पारा

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे सोनारीण म्हणायचे. सोनं हाताळायची म्हणून. आता ते सोनं काही दागिन्याचं नव्हे. एका बुटक्या बाटलीतलं पिवळसर द्रावण. त्यात ती अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन मिसळायची, वर थोडा कॉस्टिक सोडा, आणि कोमट ठेवून ढवळत राहायची. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग कोऱ्या चहासारखा व्हायचा. साध्या उजेडात बघाल तर मोरीत ओतून द्याल. पण तेच पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वरून अतिनील दिवा लावला, की निखाऱ्यासारखं लाल दिसायचं. सोन्याचे मोजकेच अणू एकत्र येऊन इवलेसे पुंजके बनले, की ते असे उजळतात. त्यात पाऱ्याचा अंश जरी पडला, तरी लाली विझते. तिचं सगळं संशोधन या विझण्यावर उभं होतं.

पाराच का, हे विचारायची गरज नव्हती. तिचा दादा ट्यूबलाइटच्या कारखान्यात नळ्यांमध्ये पारा भरायच्या खात्यात होता. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं. हल्ली त्याची बोटं थरथरायची. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. एरवी गरीब गाईसारखा माणूस, पण चमचा हातातून पडला तरी घर डोक्यावर घ्यायचा. वहिनी म्हणायची, वय झालं. सोनारणीला ते पटत नव्हतं. घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच होतं. तिथलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मुरत असणार, असं तिने धरलं आणि दादाच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं.

मी शेजारच्याच टेबलावर होते. तिने ते पाणी तिच्या द्रावणात घातलं, खोक्यात डोकावली आणि तशीच वाकून राहिली. लाली विझली होती. अंगावरचा कोट न काढताच ती दादाच्या घरी गेली.

"वहिनी, नळाचं पाणी बंद. चूळ भरायलासुद्धा नको."

वहिनीने शब्द खाली पडू दिला नाही. त्या दिवसापासून ती चौकातल्या सार्वजनिक नळावरून कॅन भरून आणायला लागली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उन्हाळाभर तिने पाणी वाहिलं. शेजारणी हसल्या, मग घाबरल्या, मग त्याही कॅन घेऊन निघाल्या. दादाचा हात मात्र होता तसाच थरथरत राहिला.

दरम्यान तिने तेच पाणी मोठ्या यंत्रावर तपासायला पाठवलं होतं. तिथे रांग लांबलचक. अखेर उत्तर आलं: पारा नाही. तिने फोन करून परत मोजायला लावलं. परत तेच. आमच्या सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुझं खोकं त्यांच्या यंत्रापेक्षा शहाणं झालं का?"

ती चिडली. दिसेल त्या नळाचं पाणी तपासत सुटली. माझ्या घरचं पाणी लाल राहिलं. प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीतलं विझलं. दादाच्या जिन्याखालच्या टाकीतलं लाल राहिलं आणि वरच्या घरातलं विझलं. तेव्हा कुठे तिने नळाऐवजी नळीकडे बघितलं. जिथे विझलं, त्या दोन्हीकडे तांब्याच्या नळ्या होत्या. तिने शुद्ध पाण्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, टाकलं, ते द्रावणात घातलं, खोक्यात बघितलं आणि स्टुलावर बसली.

"साप साप म्हणून भुई धोपटली मी," ती म्हणाली. "तांबं होतं. तेही तांब्याच्या भांड्यातून पाण्यात उतरतं तेवढंच."

वहिनीला सांगायला ती स्वतः गेली. नंतर तिनेच मला सगळं सांगितलं. वहिनी नुकतीच जिना चढून आली होती.

"म्हणजे मी उगाच वाहिलं?"

"हो."

वहिनीने कॅन खाली ठेवला, पदराने मान पुसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सोनारीण म्हणाली. पण वहिनीने एवढंच विचारलं, "आणि ह्यांचा हात?"

तिची लाली पाण्यात विझते, म्हणून ती पाण्यातच पारा शोधत बसली होती. दादा कामावर दिवसभर नेमकं काय करतो, हे तिने त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. नळी फुटली की काय करता? सांडलेला पारा ब्रशने गोळा करतो, दादा म्हणाला. खिडक्या? बंद; वाऱ्याने नळ्यांची तोंडं वितळवून बंद करायची ज्योत हलते. मास्क? आहेत की, कपाटात.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. रक्तात आणि लघवीत पारा निघाला, भरपूर. डॉक्टरांनी सांगितलं, श्वासावाटे गेलाय, ते खातं आधी सोडा. कारखान्याने पुष्कळ खळखळ करून त्याला पॅकिंगमध्ये टाकलं. थरथर कमी झाली, गेली नाही. बटणं आता तो स्वतः लावतो, पण वरचं एक राहतंच. त्याबद्दल कुणी बोललेलं त्याला चालत नाही.

सोनारणीचं काम पुढे सरकलं म्हणावं, तर तेही अर्धंच. तांब्याला धरून ठेवणारं एक रसायन तिने द्रावणात मिसळलं. आता तांब्याने लाली विझत नाही. पण ओढ्याचं गढूळ पाणी घातलं की आपोआप मंदावते, आणि का, ते कळत नाही. सर म्हणाले, शुद्ध पाण्याचे आकडे देऊन लेख पाठव. तिने गढूळ पाण्याचेही दिले. लेख परत आला. व्यवहारात याचा उपयोग काय, असा शेरा होता. तो वाचून ती दिवसभर काचेची भांडी घासत राहिली. इतकी घासली की दोन फुटली.

कारखान्यातली हवा तपासू द्या म्हणून ती गेली, तर मॅनेजरने फाटकातूनच परत पाठवलं. तेव्हा ती पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभी राहायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, रक्त तपासून घ्या. बहुतेक जण मान डोलवून सायकलवर बसायचे. नोकरी जाईल ही भीती. पण काही जण गेले, आणि त्यांच्याही रक्तात पारा निघाला.

पुढे वहिनीही तिच्याबरोबर जायला लागली. दोघींत पूर्वीसारखं बोलणं अजून नव्हतं, पण फाटकावर बोलायचं काम वहिनीनेच घेतलं. सोनारीण दुसऱ्याच वाक्याला चिडायची, आणि चिडलेल्या बाईपाशी कुणी थांबत नाही.