वर्तमानपत्राच्या समासात

आमच्या कार्यालयात दुपारी सगळे एकाच टेबलावर डबे उघडतात. टंकलेखन करणाऱ्या वैशालीताईंना अजिबात ऐकू येत नाही. कुणी विनोद केला की सगळे हसायचे आणि क्षणभराने त्याही हसायच्या. त्या आमचे चेहरे बघून हसतात, हे तीन वर्षं शेजारी बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परवा नव्याने बदलून आलेल्या कदमांनी एक विनोद सांगितला. हशा ओसरल्यावर त्यांनी वैशालीताईंकडे बघत विचारलं, “यांना कळला का हो?”

कदमांनी हात पुसले आणि डब्याखालच्या वर्तमानपत्राच्या समासात तो अख्खा विनोद लिहून काढला. एका टेबलाशी जेवलं की माणसं एकत्र असतात, असं मी किती सहज धरून चाललो होतो!

वैशालीताईंनी सावकाश वाचलं. त्या हसल्या नाहीत. कदमांचं पेन घेऊन त्यांनी खाली लिहिलं, ‘फार जुना आहे. मला याहून चांगला येतो.’

“मग होऊन जाऊ द्या!” कदमांनी हातानेच खुणावलं.

त्या लिहू लागल्या. डबे तसेच उघडे टाकून आम्ही सगळे त्यांच्याभोवती वाकलो आणि एकेक शब्द उमटायची वाट पाहू लागलो.