शेल्यावरची काळजं

"तो लाल धागा ठेव बाजूला," माझे वडील म्हणाले. "पोरीचं लग्न आहे, लढाई नाही."

"लग्न आहे म्हणूनच घेतलाय," आत्या म्हणाली.

भिंतीपलीकडे हे बहीणभाऊ भांडत होते आणि अलीकडे मी, माझ्या थोरल्या पोराला पाठीशी बांधून, मक्याची कणसं सोलत होते. भिंत मातीची, कंबरेएवढी. तिच्याआड कोण बसलंय हे न बघता बोलायची आमच्या काचीपाम्प्यात सगळ्यांनाच सवय, त्यामुळे इथे कुणाचं काही लपून राहत नाही.

वडिलांनी ताराबुकोच्या बाजारातून निरोप आणला होता. निरोप दोन्या ब्रिहिदाचा, जिचं चौकाजवळ चिचेचं, म्हणजे मक्याच्या दारूचं, दुकान होतं. तिच्या लेकाशी, नेमेसिओशी, आमच्या कसिल्दाचं, म्हणजे आत्याच्या एकुलत्या लेकीचं, जमलं होतं. आमच्यात आधी एकत्र राहून बघतात आणि मग चर्चची पायरी चढतात. तशी कसिल्दा कार्निव्हलपासून त्या घरात राहत होती, आणि आता तिचं पोट दिसायला लागलं होतं. ब्रिहिदाचं म्हणणं असं की सून पसंत आहे, हात चलाख आहे, चिचा गाळताना थेंब सांडत नाही. पण लग्नात ती जो शेला पांघरेल त्यावर विणलेली काळजं नकोत. काळजं दिसली तर लग्न नाही. आणि नेमेसिओ गुणी पोरगा असला तरी आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

"तिच्या अंगणात वकील येतात प्यायला, फौजदार येतात," वडील समजावत होते. "आधीच आपल्याला काळीजखाऊ म्हणतात."

"उगाच म्हणत नाहीत. खाल्ली होती."

"तू खाल्लीस?"

"पणजीनं. आणि तिला काही फार आवडली नाहीत. चिवट होती म्हणायची."

वडील खाकरले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोटातल्या पोराला बापाचं नाव नको का गं?"

हे मात्र लागलं. मला वाटलं, झालं, आत्या नमली. तेवढ्यात लोकरीचा गुंडा एका खुंटावरून दुसऱ्या खुंटाकडे सरपटल्याचा आवाज आला. ती ताणा लावत होती. मी मान उंच करून पाहिलं, लाल होता.

इलारियाआत्या उंचीला माझ्या खांद्याला लागायची. नवरा पोतोसीच्या खाणीत गेला तो खोकत परत आला आणि खोकतच गेला. मग मेंढरं, बटाट्याचं वावर आणि माग, तिन्ही तिनं एकटीनं ओढलं. तिची जीभ मात्र कधी दमली नाही. आमचे पुरुष डोक्याला चामड्याची टोपी घालतात, ती थेट स्पॅनिश शिपायांच्या लोखंडी टोपाच्या घाटाची. बाजारात कुणी परक्यानं विचारलं की ही टोपी तुमच्याकडे कशी, तर आत्या सांगायची, "डोकी परत केली, टोप ठेवून घेतले."

शाळेत मी दोन वर्षं गेले, ती गेलीच नाही. शाळेच्या पुस्तकात आमच्या लोकांचं एक चित्र होतं. एक माणूस डोक्यात पीस खोवून गुडघ्यावर बसलेला, समोर घोड्यावर दुसरा. घरी येऊन मागाकडे बघितलं तर तिथे आम्ही उभे आणि घोडा आडवा. मी आत्याला विचारलं, खरं कुठलं? ती म्हणाली, ज्यानं विणलंय त्याला विचार. पुस्तक कुणी विणलं ते मला ठाऊक नव्हतं.

आमचा शेला दोन पट्ट्यांचा. एक पट्टी आई विणते, एक मुलगी, आणि मधे शिवण घालतात. तळाशी स्पेनच्या राजाचे शिपाई घोड्यांवरून चढण चढताना. त्यांच्या वर आमच्या बाया आणि पुरुष, हातात गोफणी, पायाशी धोंड्यांचे ढीग. सगळ्यात वर लढाई झाली ती हुंबातेची घळ, आणि घळीत आडवे पडलेले शिपाई, प्रत्येकाच्या छातीबाहेर एक लाल तिरका चौकोन, म्हणजे त्याचं काळीज. पण रांगेच्या टोकाला एक पोरगा उभा असतो. गळ्यात ताशा, हातात काड्या. त्याचा लाल चौकोन छातीच्या आत.

तो पोरगा आमच्यातलाच होता. कुठल्याशा खेड्यातून फौजेनं उचलून नेलेला. दगड पडायला लागले तेव्हा तो आमच्या बोलीत आईला हाका मारायला लागला, म्हणून त्याला सोडलं. बाकी कुणाला नाही.

आणि आमची एक रीत आहे. ज्याला सोडलं त्याला, किंवा त्याच्या लेकरांना, ते कधी तोंडानं बोलून दाखवायचं नाही. बोलून दाखवलं तर ते सोडणं कसलं? विणायचं खुशाल, बोलायचं नाही.

तो ताशेवाला पुढे ताराबुकोत राहिला, तिथेच त्याचं लग्न झालं, तिथेच मेला. त्याचं घराणं कुठलं ते काचीपाम्प्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोन्या ब्रिहिदाच्या दुकानात, चिचेच्या रांजणांच्या वर, दोन जुन्या काड्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. गिऱ्हाइकांना ती अभिमानानं सांगायची, माझे पणजोबा राजाच्या फौजेत होते. आम्ही तिचीच चिचा पीत म्हणायचो, हो का.

मका घरात आल्यावर एक दिवस ती स्वतः आली. ट्रक खालच्या रस्त्यावर सोडून, एकावर एक चढवलेले घागरे सावरत, चकचकीत बुटांनी चढण चढून. बरोबर कसिल्दाही होती. तिची पट्टी विणायची बाकी होती, आणि आपल्या ताण्यात लाल घ्यायचा की नाही हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आत्यानं विहिणीला मेंढीच्या कातड्यावर बसवलं, उकडलेले बटाटे आणि वाटलेल्या मिरचीची चटणी पुढे ठेवली. ब्रिहिदा पोटभर जेवली, हात पुसले आणि मग मागाशी गेली. आत्याची पट्टी जवळजवळ झाली होती.

"हात सोन्याचा आहे तुझा, इलारिया," ती तिच्या शहरी स्पॅनिशमधे म्हणाली. "खालचं सगळं राहू दे. घोडे फारच सुरेख. पण हे वरचं तेवढं उसव."

वडील दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आत्यानं लामा या जनावराच्या नळीचं ते टोकदार हाड उचललं, ज्यानं आम्ही धागे उचलतो. "उसवते," ती म्हणाली. "कुणाचं उसवू ते बोट ठेवून सांगा, विहीणबाई. तुमचं बोट जिथे, तिथे माझं हाड."

मला धक्काच बसला. वडिलांनी डोळे उघडले. ब्रिहिदाला इतकं सोपं जाईल असं वाटलं नसावं. ती खूश झाली, वाकली आणि रांगेवरून बोट फिरवायला लागली. हा. हा पण. हा घोड्याखालचा. आत्या नुसती मान हलवत होती, हाड तयार धरून. बोट रांगेच्या टोकाशी आलं आणि थांबलं.

"हा उभा का?"

ती आणखी वाकली.

"आणि याचं आत कसं?"

वडिलांना अचानक गाढवाला पाणी पाजायची आठवण झाली. कसिल्दा स्वतःच्या पायांकडे बघत होती. मी पोराला थोपटत होते, आणि ते तर झोपलेलं होतं.

"सगळ्यांची काढली," आत्या सावकाश म्हणाली, "की याचं आत आहे हे कुणाला कळायचं नाही. हाही त्यांच्यातलाच एक होऊन जाईल. माझं काय, मला काम कमी. बोला विहीणबाई, बोट तुमचं आहे."

ब्रिहिदाचं बोट ताशावर होतं. ते तिनं उचललं नाही. ती त्या काड्यांकडे बघत होती, एक वर गेलेली, एक खाली आलेली. आमच्याकडे त्या काड्या नेहमी तशाच विणतात.

"या काड्या माझ्या घरी आहेत," ती म्हणाली. हे वाक्य स्पॅनिशमधे नव्हतं. आमच्या बोलीत होतं.

तेव्हाही आम्ही कुणी काही म्हटलं नाही.

मग ती सरळ झाली, घागरे झटकले आणि म्हणाली, "फार बुटका विणलायस. आमच्या घरात सगळे उंच."

"तेव्हा पोरगा होता," आत्या म्हणाली. "उंची नंतर इथल्या मक्यावर आली."

ब्रिहिदा ना हो म्हणाली ना नाही. सुनेलाही चल म्हणाली नाही. एकटीच उतरणीला लागली. चढणीवर मळलेले बूट तिनं खालच्या ओढ्यात धुतलेले आम्हाला वरून दिसले.

वडील म्हणाले, मोडलं लग्न. आत्यानं मागाजवळचे बटाट्याची सालं गोळा करून मेंढरांना टाकली. लेकीला तिनं काही विचारलं नाही. हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं, म्हणून मला जास्त लक्षात राहिलं. तिला स्वतःला वाकायचं नव्हतं, पण लेकीनं आपल्या हट्टापायी घर गमवावं असंही तिला वाटत नव्हतं.

कसिल्दा उठली, कोपऱ्यातून खुंट आणले, अंगणात ठोकले आणि ताणा लावायला बसली. पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या टोकाला मी बसले. तिनं पहिला गुंडा काळा घेतला, दुसरा लाल.

"अगं, लग्नच झालं नाही तर?" माझे वडील कळवळून म्हणाले.

"तर पोराला पांघरीन," ती म्हणाली. "मामा, तुम्ही धाग्यावर उभे आहात."

आत्या एवढंच म्हणाली की ताण सैल आहे.

नेमेसिओ आला तेव्हा कसिल्दाची पट्टी अर्धी झाली होती. गाढवावर मोड आलेल्या मक्याचं पोतं होतं. आईनं दिलंय म्हणाला, लग्नाच्या चिचेसाठी. दुसरा काही निरोप नव्हता. आत्यानं पोत्यात हात घालून मूठभर मका वर काढला, वास घेतला आणि मोड थोडे लांब गेलेत असं सांगून पोतं उतरवून घेतलं.

लग्न ब्रिहिदाच्या अंगणात झालं. दोन्ही पट्ट्या शिवून आदल्या दिवशीच तयार झालेला शेला कसिल्दाच्या खांद्यावर होता, आणि ती भिंतीला टेकून नाही तर अंगणाच्या मधोमध उभी होती. लोक बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. शेवटी वकिलाच्या बायकोला राहवलं नाही. बशीतलं मटण चघळत तिनं ब्रिहिदाला विचारलं, या लाल काय, मिरच्या का?

ब्रिहिदानं इकडेतिकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "तसंच काहीतरी."

"काळजं," आत्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाली. ती ओरडली नाही. तशी गरजच नव्हती, बासरीवाले नेमके त्याच क्षणी दम घ्यायला थांबले होते.

नेमेसिओ आईकडे बघायला लागला, कसिल्दा सासूकडे. मला अजून आठवतं, माझ्या हातातला पेला तिरका झाला होता आणि चिचा मनगटावरून ओघळत होती.

ब्रिहिदानं रांजणावरचं झाकण नीट बसवलं. मग वळून वकिलाच्या बायकोला म्हणाली, "ऐकलंत ना? काळजं. राजाच्या शिपायांची. आमच्या एकट्याचं तेवढं आत आहे, टोकाला बघा, ताशेवाल्याचं. त्याला या बायांनी सोडलं, म्हणून मी आहे आणि म्हणून हे मटण आहे. घ्या, गार होतंय."

वकिलाच्या बायकोनं बशी खाली ठेवली नाही. मटण चांगलं झालं होतं.

पोराला बापाचं नाव मिळालं. पुढे त्याच शेल्यात गुंडाळून ते काचीपाम्प्याला यायचं, आणि लाल चौकोन तोंडात घालून चोखत बसायचं. आत्या म्हणायची, रक्त कुठे जाणार.

त्यानंतर आत्या दर रविवारी ताराबुकोला जायची. पाटीत मेंढीच्या दुधाचं चीज, पानांत बांधलेलं. ब्रिहिदा आत बोलवायची, आत्या जायची नाही. तुमच्याकडे खुर्च्या फार, म्हणायची, आणि दुकानाच्या पायरीवर बसायची. मग ब्रिहिदाही दोन पेले घेऊन पायरीवर यायची. दोघी म्हाताऱ्या झाल्या, पायरी झिजली, पण भांडण ताजं राहिलं.

शेवटच्या रविवारी मी बरोबर होते. त्यानंतर आत्या घराबाहेर पडली नाही. पण त्या दिवशी तिच्यात मला वेगळं काही दिसलं नाही. वाटेत ती दोनदा थांबली, दोन्ही वेळा मला लागलेल्या धापेवर खेकसली. पायरीवर बसून पाटी उघडली. ब्रिहिदानं चिजाचा तुकडा मोडला, चघळला आणि म्हणाली, मीठ जास्त झालंय. आत्यानं पेल्यातले पहिले थेंब जमिनीला दिले, उरलेली चिचा संपवली आणि म्हणाली, पाणी जास्त झालंय. मग बराच वेळ दोघी रस्त्यावरून जाणाऱ्यांना नावं ठेवत बसल्या.

ट्रक समोर उभा होता, पण तिला चालतच यायचं होतं. घरी आल्यावर मी विचारलं, दमलीस का. तिनं रिकामी पाटी ओढ्यावर नेऊन घासली, भिंतीवर पालथी घातली, आणि मेंढरं आत घ्यायला गेली.