बाटलीच्या गळ्यातलं चित्र

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेजारच्या काकू घरी आल्या की आधी मोरीत डोकावतात. परवा तिथं त्यांना संडासाचं अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत दिसलं.

"याच्यात काहून ओतलं तू?"

"कॅन गळून राहिली होती, काकू."

त्यांनी कचऱ्यातून कॅन काढली, धुतली आणि तिच्यावरचं चित्र कात्रीनं कापलं. लाल चौकटीत, थेंब पडून झिजणारा हात. ते त्यांनी काळ्या दोऱ्यानं बाटलीच्या गळ्यात बांधलं, लेकराला दृष्टीचा दोरा बांधावा तसं.

"आता कोणी याले पाणी नाही समजणार."

"एवढं समजते हो आम्हाले," मी हसले. त्या हसल्या नाहीत.

काकू चष्मा विसरल्या होत्या, तो द्यायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काका खाटेवर बसले होते. त्यांना पाहिलं आणि आठवलं: एका उन्हाळ्यात ते बीरगांवच्या कारखान्यातून ड्यूटी करून तहानलेले आले आणि काकूंनीच बाटलीत काढून ठेवलेलं अ‍ॅसिड पाणी समजून प्यायले. जीव वाचला, आवाज गेला.

काकूंनी त्यांना पाणी दिलं. काकांनी ग्लास आधी नाकाशी नेला, वास घेतला, मग ओठाला लावला.

तोवर काकू खाली मान घालून समोर उभ्या होत्या.