बाटल्यांच्या चिठ्ठ्या

पापनाशमजवळच्या गावात सेतुमाधवरावांची बोअरवेल होती, वडिलांच्या वेळची. सगळी गल्ली तिचंच पाणी प्यायची. तंजावूरच्या कॉलेजातली शांभवी आली आणि या पाण्यात आर्सेनिक आहे म्हणाली, तेव्हा तालुका कचेरीतून रिटायर झालेल्या रावांनी पहिलं विचारलं, "आमची जमीन कोणाला पाहिजे?"

शांभवीने वाद न घालता पाणी गाळायची निळी टाकी बसवली. आतल्या दाण्यांवर गंजाचे डोळ्याला न दिसणारे बारीक कण बसवले होते. नॅनो कण. आर्सेनिक त्यांना चिकटून राहतं, असं ती म्हणाली.

"दिसत नाहीत, तर ते आमच्या पोटात जात नाहीत हे कोण बघितलं?"

सून अखिला टाकीचं पाणी भरू लागली. राव मात्र चोरून बोअरचंच पीत राहिले. टाकी कॉलेजवाल्यांची, तपासणीही त्यांचीच, हे रावांना पटेना. एकदा शांभवी बोअरची आणि टाकीची अशा दोन बाटल्या भरून अखिलाशी बोलत बसली, तेवढ्यात रावांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आपसांत बदलल्या. टाकीच्या चिठ्ठीखाली आता बोअरचं पाणी; खोटारडे असतील तर तरीही टाकीच्या नावाचा आकडा कमीच दाखवतील!

आठवड्याने शांभवी धावत आली. "अखिलाक्का, टाकीचं पाणी नक्को! फिल्टर फेल गेला, आर्सेनिक भरपूर आलंय." आणि पाना घेऊन ती पाइप सोडवायला लागली.

रावांनी कापीचा पेला खाली ठेवला. म्हणजे पोरगी खरं तपासत होती. आणि आपण इतके दिवस काय प्यालो?

"थांब," ते म्हणाले. "चिठ्ठ्या मी बदलल्या."

शांभवीचा चेहरा लाल झाला. "सगळ्या गावांतल्या टाक्या बंद करणार होते मी!"

"मामा, म्हणजे तुम्ही अजून बोअरचंच...?" अखिला म्हणाली.

रावांनी टाकीचं पाणी तांब्यात घेतलं, उजेडात धरून बघितलं आणि पिऊन टाकलं. मग म्हणाले, "ते दाणे जुने झाल्यावर कुठे जातात?"

"ठेकेदार नेतो."

"कुठे?"

"चला, शोधू," म्हणत शांभवीने मोपेडची किल्ली काढली.

दोघं मोपेडवर शोधत गेले. शेजारच्या गावात कालव्याच्या काठावर, भाताच्या वाफ्याला लागून, जुन्या दाण्यांच्या गोण्या पडल्या होत्या. एक फाटून आर्सेनिक धरलेले दाणे वाफ्यात सांडले होते. शांभवीने तिथूनच कॉलेजला फोन लावला. संध्याकाळी टेम्पो आला. गोण्या आता सिमेंटच्या बंद खोलीत ठेवणार, असं ड्रायव्हर म्हणाला.

"बघू," म्हणत राव त्याच्या शेजारी चढून बसले आणि तंजावूरपर्यंत मागे वळून गोण्या बघत गेले.