पानवाल्याचा हात

सात रस्त्याच्या पानवाल्याला नाव विचारलं की तो डोळा मारून म्हणतो, "दोघांतलं कुणाचं?" टपरीवर शेजारीच त्याचा जुळा भाऊ असतो, अगदी हुबेहूब. यंदा मात्र भावाच्याच हातांवर कोडाचे पांढरे डाग उठले.

"बीज एकच की ओ, पर कातडीचं नशीब येगळं, असं डॉक्टर म्हंतेत," पानवाला सांगतो.

परवा एका गिऱ्हाइकाने भावाच्या हातचं पान नाकारलं. "तुम्ही द्या," ते पानवाल्याला म्हणालं. भावाने हात मागे घेतला.

पानवाल्याने चुन्यात बोट बुडवलं, स्वतःच्या हातावर पांढरे ठिपके काढले आणि तोच हात पुढे केला. "घ्या मालक. आता वळखा कुणाचा."

गिऱ्हाईक बघतच राहिलं. भावाने आपला हात हळूच पानवाल्याच्या हाताशेजारी आणला.